घरचें दप्तर

दप्तर हा शब्द ऐकला म्हणजे आपल्या खेड्यांतील बहुतेकांस शाळेच्या पोराची पिशवी किंवा चावडींतील तलाठ्याचें कपाट आठवतें. पूर्वीं ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ होता. ज्या घराण्याची जमीन, वतन किंवा देणेंघेणें मोठें, त्याचें स्वतःचें दप्तर असे. सनदा, खरेदीखतें, वांटणीपत्रें, जमाखर्चाचे बंद, नातलगांचीं पत्रें हीं सर्व चौकोनी कापडांत बांधून ठेवीत व त्या गांठोड्यास रुमाल म्हणत. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं पटवर्धन घराण्याचे असेच कागद वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापावयास आरंभ केला, आणि वि. का. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांचा जो पहिला खंड काढिला त्यांतील पत्रें वाईस सांपडलेलीं होतीं. ज्यांनीं तीं बांधून ठेविलीं त्यांस इतिहास लिहावयाचा नव्हता. आपलें कामकाज आपल्या मागून येणारास समजावें एवढेंच त्यांस हवें होतें.

ज्याच्या घरीं वाडा नव्हता त्याच्या घरीं रुमालही नव्हता. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे आजेपणजे अशाच घरांतील. त्यांचा हक्क दुसऱ्याच्या दप्तरांत लिहिलेला असे, कुळकर्ण्याच्या किंवा सावकाराच्या. नाहींतर कोणाच्या नुसत्या तोंडीं असे. आतां स्थिति पालटली आहे. गरिबांतील गरीब घरांतही आज दहापंधरा कागद निघतात. परंतु ते नुसते कागद आहेत, दप्तर नव्हे. सातबारा गादीखालीं, शिधापत्रिका डाळीच्या डब्यांत, बँकेचें पुस्तक सुनेच्या ट्रंकेंत, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला पुण्यास त्याच्या खोलीवर, विम्याची पावती भिंतीवरील तसबिरीमागें. आणि कोणता कागद कोठें आहे हें ज्यास ठाऊक, तो एकटा घरधनी. हे कागद एका ठिकाणीं कसे आणावे, आणि त्यांविषयींची माहिती घरांतील दुसऱ्या माणसाच्या हातीं कशी द्यावी, हें ह्या धड्यांत पाहूं.

हें काम उद्यांवर टाकितां येईल असें ज्यास वाटत असेल त्यानें कृष्णाकांठचे अलीकडचे पूर आठवावे. सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ४५ फुटांवर गेलें म्हणजे धोका समजतात. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्या वर गेलें. त्यापूर्वीं २००५ सालीं मोठा पूर येऊन गेला होता, व २०२१ च्या जुलईंत पुन्हां आला. मिरज, पलूस व वाळवा ह्या तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. नावेंत बसतांना मनुष्य लेंकरास उचलतो, म्हातारीस हात देतो, गुरांचीं दावीं कापतो. ट्रंकेकडे कोण पाहतो? पाटण तालुक्यांत तर तेवढाही अवकाश मिळाला नाहीं. २०२१ च्या त्याच जुलईंत आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें डोंगरच घरांवर आला. त्याच कोयनेच्या खोऱ्यांत ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे भूकंपानें घरें जमीनदोस्त केलीं होतीं.

तरी पूर व भूकंप हे दर वर्षीं येत नाहींत. मरण मात्र दर वर्षीं कोणाच्या ना कोणाच्या घरीं येतें. घरधनी अकस्मात् गेला म्हणजे पहिले चार दिवस रडण्यांत जातात, व पांचव्या दिवशीं प्रश्न सुरू होतात. सोसायटीचें कर्ज किती होतें? कारखान्याचा शेअर कोणाच्या नांवें आहे? विम्याचा हप्ता भरला होता काय? बांधाचा तंटा मिटला होता, त्याचा कागद झाला होता कीं नाहीं? ज्यास हें सर्व ठाऊक होतें तोच गेला. मग भाऊबंद सांगतील तें खरें मानावें लागतें; आणि त्यांतील एखाद्यास त्याच शेताची हांव असली तर विधवेचा अंगठा ज्या कागदावर घ्यावयाचा तो हक्कसोडपत्र आहे कीं वारसाचा अर्ज, हें तिला कोण वाचून दाखविणार? घरांतील कागदांची अव्यवस्था ही आळसाची लहानशी खोड आहे असें समजूं नये. तिचें मोल बहुधा बायकांस व लहान मुलांस भरावें लागतें.

ह्याविषयीं फार जुनी पण खरी गोष्ट आहे. १९६१ सालीं मृतसमुद्राच्या पश्चिमेस, नहल हेव्हेर नांवाच्या ओढ्याच्या कड्यांतील एका गुहेंत, यिगाएल यादीन ह्या विद्वानाबरोबरच्या शोधकांस कातड्याची एक पिशवी सांपडली. तींत बाबथा नांवाच्या एका यहूदी बाईचे ३५ लेख होते. त्यांतील सर्वांत जुना इ. स. ९४ च्या सुमाराचा व सर्वांत अलीकडचा १३२ सालचा. खजुरीच्या बागांचे कागद, लग्नाचे करार, कर्जाची चिठी, आणि तिच्या पोरक्या मुलाच्या पालकांविरुद्ध केलेल्या फिर्यादीचे कागद त्यांत आहेत. त्या पालकांनीं मुलाच्या पोषणास महिना दोनच दिनार लाविले होते, व ते पुरत नाहींत म्हणून ही बाई रोमी सुभेदारापर्यंत गेली. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतें. तिच्याकरितां दुसऱ्यानें सही केली, असें एका लेखावर स्पष्ट लिहिलें आहे. बार कोखबाच्या बंडाची धामधूम माजली तेव्हां ती घर सोडून त्या गुहेंत आश्रयास गेली, आणि घरांतील जें उचललें त्यांत ही पिशवी होती. ती परत आली नाहीं असें दिसतें. अठराशेंहून अधिक वर्षांनंतर तिची जमीन कोणती, तिचें भांडण काय व तिच्या मुलाचा हक्क किती हें सर्व जगास वाचतां आलें. लिहितां न येणाऱ्या बाईनें दप्तर ठेविलें, हें आपल्या मंडळ्यांतील बायांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावें.

त्या पिशवींतील कित्येक लेख एकाच कागदावर दोनदां लिहिलेले आहेत. वरचा मजकूर गुंडाळून दोऱ्यानें बांधिलेला, म्हणजे त्यांत कोणास फेरफार करतां येऊं नये; खालीं तोच मजकूर उघडा, म्हणजे हवा तेव्हां वाचतां यावा. पवित्र शास्त्र वाचणारांस ही रीत नवी नाहीं. यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायांत संदेष्टा हनामेलापासून अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपें तोलून विकत घेतो, साक्षी ठेवितो, आणि मोहोर केलेला व उघडा असे दोन्ही लेख बारूखाच्या हातीं देऊन मातीच्या भांड्यांत ठेववितो. आणि हें सर्व यरुशलेमेस वेढा पडला असतां. आपल्या घरच्या दप्तराचीही हीच दोन अंगें आहेत. मूळ कागद हा बांधून ठेवावयाचा लेख, आणि त्या सर्वांची हकीकत जींत लिहिली आहे ती वही हा उघडा लेख. मूळ कागद जपून ठेवणारीं घरें पुष्कळ आहेत. वही ठेवणारीं फारच थोडीं. आमच्या मतें वहीचें महत्त्व मूळ कागदांहूनही अधिक आहे, आणि ह्याचें कारण सांगतों.

सातबाऱ्याचा उतारा भिजला तर नवा मिळतो. महाभूलेखाच्या संकेतस्थळावर तो नुसता पाहतां येतो, आणि थोडी फी भरून डिजिटल सहीचा उताराही घेतां येतो. जन्माचा दाखला गहाळ झाला तर जेथें नोंद आहे त्या ग्रामपंचायतींतून किंवा नगरपालिकेंतून नक्कल मिळते. नोंदलेलें खरेदीखत वाळवीनें खाल्लें तर दुय्यम निबंधकाच्या कचेरींत त्याची नक्कल असते. परंतु ह्यांपैकीं प्रत्येक कचेरी पहिला प्रश्न हाच विचारते कीं, नंबर कोणता व साल कोणतें? ज्यास नंबर सांगतां येतो त्याचा कागद चार दिवसांनीं उशिरा का होईना हातीं येतो. ज्यास सांगतां येत नाहीं त्यास पन्नास वर्षांचीं रजिस्टरें चाळावीं लागतात, किंवा चाळणाऱ्याचें मन वळवावें लागतें, आणि ह्या दोन्हींस पैसा व दिवस मोडतात. सबब वहींत कागदांची वर्णनें लिहीत न बसतां त्यांचे नंबर लिहावे.

जमिनीपासून आरंभ करावा, कारण तेथेंच घोटाळा अधिक. गांव, तालुका, गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, आणि आठ अ वरील खाते क्रमांक हे तर सातबाऱ्यावरून कोणासही उतरून घेतां येतील. त्यापुढील दोन गोष्टी बहुधा राहून जातात. पहिली फेरफार क्रमांक. शेत आपल्या नांवावर कसें आलें, खरेदीनें, वांटणीनें, वारसानें कीं कुळकायद्यानें, हें फेरफाराच्या नोंदींत, म्हणजे गांव नमुना ६ मध्यें असतें. सातबाऱ्यावर त्याचा केवळ आंकडा वर्तुळांत दिसतो. तो आंकडा व त्याचें साल लिहून ठेवावें, आणि शक्य तर त्या फेरफाराची नक्कल आणून ठेवावी. दुसरी गोष्ट जुना सर्व्हे नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याप्रमाणें जेथें गटवारी झाली तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आज्याच्या खरेदीखतांत एक नंबर व नातवाच्या सातबाऱ्यावर दुसराच. दोहोंचा सांधा एकत्रीकरणाच्या उताऱ्यांत सांपडतो. हा सांधा जोपर्यंत म्हातारीं माणसें शेत दाखवून सांगूं शकतात तोंपर्यंतच लिहून घ्यावा.

ज्यांच्या घरीं पूर्वीं महारकीचें किंवा दुसरें कनिष्ठ गांववतन होतें त्यांनीं आणखी एक कागद शोधावा. १९५८ च्या कायद्यानें हीं वतनें रद्द झालीं, व ठराविक रक्कम भरून जमीन त्याच वतनदारास पुन्हां देण्याची तजवीज झाली. त्या हुकुमास लोक रिग्रँट ऑर्डर म्हणतात. अशा जमिनी सातबाऱ्यावर बहुधा भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसतात व परवानगीशिवाय विकतां येत नाहींत. रक्कम भरल्याची पावती आणि तो हुकूम कोणत्या भावकीच्या ट्रंकेंत आहे, ह्याचा तपास करून निदान त्याचा क्रमांक व तारीख वहींत यावी. पुष्कळ ठिकाणीं हा कागद थोरल्या घराकडे राहिला आहे व धाकट्या घरांस तो असल्याचेंही ठाऊक नाहीं.

जुना कागद पुढें कधीं लागेल हें कोणास सांगतां येतें? कोयनेचें धरण झालें तेव्हां जीं गांवें शिवसागराखालीं गेलीं त्यांतील लोक साताऱ्याच्या दुसऱ्या भागांत, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणें अशा ठिकाणीं पांगले. प्रकल्पामुळें उठणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यांत १९७६ सालीं झाला. कोयनेचे लोक त्याच्या कितीतरी आधींच उठले होते. त्यांच्या नातवांचे अर्ज व मोर्चे साठ वर्षांनंतरही चालूच राहिले. असा अर्ज करणारास विचारतात कीं, तुझ्या आज्याचें नांव कोणत्या गांवीं, कोणत्या नंबरांत होतें? गांव पाण्याखालीं आणि आजा मातींत. उत्तर द्यावयाचें तर तें कागदानेंच. तसेंच २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध चालविला, तेव्हां शाळांचीं जुनीं रजिस्टरें, जन्ममृत्यूचीं कोतवाल बुकें व मोडी कागद धुंडाळणाऱ्यांची गांवोगांव रीघ लागली, आणि मोडी वाचणारांस एकाएकीं मोल आलें. ज्यांच्या घरीं मोडी कागद असेल त्यांनीं तो वाचतां येत नाहीं म्हणून टाकूं नये. वाचणारास दाखवून दोन ओळींत त्याचा आशय वहींत उतरून घ्यावा.

आतां नांवांविषयीं. आमच्या लोकांत ह्या एका कारणानें जितकीं कामें अडतात तितकीं दुसऱ्या कशानेंही अडत नसतील. आज्यास गांव म्हादू म्हणे, सातबाऱ्यावर तो महादू झाला, शाळेंत मास्तरानें महादेव लिहिलें, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं मार्क नांव मिळालें. पुढें मुलानें आडनांव म्हणून कोठें गांवाचें नांव घेतलें, कोठें बापाचें. आधार कार्डावर इंग्रजी अक्षरें निराळीं, बँकेंत निराळीं. घरांत सर्वांस ठाऊक आहे कीं हा एकच मनुष्य. कचेरीस मात्र चार माणसें दिसतात. म्हणून वहीच्या एका स्वतंत्र पानावर घरांतील प्रत्येकाचीं सर्व नांवें लिहावीं, व कोणतें नांव कोणत्या कागदावर आहे हें पुढें नोंदावें. लग्न होऊन आलेल्या सुनेचें माहेरचें नांवही तेथेंच असावें, कारण तिच्या शाळेचा दाखला त्याच नांवाचा असतो. ज्यानें राजपत्रांत जाहिरात देऊन नांव बदलिलें असेल त्यानें त्या राजपत्राची प्रत जन्मभर संभाळावी.

जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणें एकवीस दिवसांचे आंत द्यावयाची असते. त्यानंतरही देतां येते, पण तीस दिवसांपर्यंत उशिराची फी, त्यापुढें वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलें म्हणजे दंडाधिकाऱ्याचा हुकूम, असा चढता त्रास आहे. ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर झाला त्यांस शाळा, मतदारयादी, पारपत्र, सरकारी नोकरी ह्या सर्वांकरितां वयाचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागावयाचा आहे. सबब लेंकराच्या दाखल्यावर त्याचें नांव चढविल्याशिवाय राहूं नये. म्हाताऱ्या माणसांची गोष्ट उलट आहे. त्यांची सरकारी नोंद पुष्कळदां सांपडत नाहीं. गांव नमुना १४, शाळेचें रजिस्टर आणि मंडळीचें बाप्तिस्म्याचें पुस्तक हेच आधार. मंडळीच्या पुस्तकावरून लिहितांना मंडळीचें नांव, तारीख, नोंदीचा अनुक्रमांक व बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाचें नांव हीं चारही घ्यावीं. लग्नाचेंही तसेंच. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणें लागलेल्या लग्नाची नोंद कोणत्या रजिस्टरांत आहे हें नवराबायको दोघांसही ठाऊक असावें. कित्येक कुटुंबांत शास्त्राच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर मुलांचे जन्म लिहिण्याची चाल आहे. ती फार चांगली. परंतु तें पुस्तक पुरांत गेलें तर तें पानही जातें, म्हणून तोच मजकूर वहींत पुन्हां लिहावा.

घराचें मोजकेंच सांगावयाचें. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहींत, ज्यास नमुना ८ म्हणतात, घराचा नंबर व धन्याचें नांव असतें. तो उतारा, घरपट्टीची शेवटची पावती व विजेचा ग्राहक क्रमांक एवढें वहींत असावें. घर अजून मेलेल्या आज्याच्या नांवावर असेल तर तसें स्पष्ट लिहावें, लपवूं नये.

पैशासंबंधीं लिहितांना लोक येणें लिहितात व देणें गाळतात. दोन्ही लिहावीं. बँकेचें किंवा पोस्टाचें खातें, शाखा, खाते क्रमांक. विकास सोसायटीचें कर्ज. साखर कारखान्याचा सभासद क्रमांक. दूधसंघ, बचत गट, भिशी. सोनें गहाण असेल तर पावती क्रमांक व कोठें. आणि हातउसने घेतलेले पैसे, जे कोणत्याही कागदावर नसतात व ज्यांवरून भावाभावांत बोलणें तुटतें. एटीएमचा गुप्त आंकडा किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र ह्या वहींत लिहूं नये, कोणीं कितीही गोड बोलून विचारला तरी सांगूं नये. खात्यास वारसदाराचें नामनिर्देशन केलें आहे कीं नाहीं हें पाहून यावें. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीस चार जणांपर्यंत नांवें देतां येतात. नामनिर्देशित मनुष्य पैसे स्वीकारण्यास पात्र होतो, त्यामुळें तो एकटाच मालक होत नाहीं, हेंही समजून असावें. आणि ज्या खात्यावर दहा वर्षें कोणी हात लाविला नाहीं त्याची ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठविते. ती बुडत नाहीं, वारसास मागतां येते. पण खातें होतें हेंच ज्यास ठाऊक नाहीं तो मागणार काय?

वारसांचें पान फार जपून लिहावें. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां गेला, व मागें बायको आणि मुलें असलीं, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें बायकोस एक तृतीयांश व उरलेलें सर्व मुलांस सारखें, त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. म्हणून दिलेल्या मुलींचीं नांवें ह्या पानावरून गाळूं नयेत. गांवांत तशी चाल नाहीं, असें सांगणारे भेटतील. चाल तलाठ्यास सांगतां येत नाहीं. वारसानें आलेल्या हक्काची खबर तीन महिन्यांचे आंत तलाठ्याकडे द्यावी असें महसूल संहितेंत आहे. (तलाठी व ग्रामसेवक ह्यांस शासनानें २०२४ मध्यें नवीं नांवें दिलीं आहेत, पण गांव अजून जुन्याच नांवांनीं ओळखतो.) नोंदीची नोटीस सर्व हितसंबंधीयांस मिळते, हरकतीस मुदत असते, व मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करितो. ज्या विधवेपाशीं ही वही आहे ती चावडींत जाऊन गट नंबर सांगते व वारसांचीं नांवें देते. तिला कोणाच्या मागें उभें राहावें लागत नाहीं.

येथें एक हरकत घेतात. बायकोस सर्व सांगितलें तर ती माहेरीं सांगेल, मुलास सांगितलें तर तो वांटणी मागेल. अशी भीति असलेल्या घरांत कागदांहून दुसरेंच कांहीं बिघडलें आहे, व त्यावर हा धडा उपाय नव्हे. परंतु पाटण-जावळीकडील किती घरांतील कर्ता मनुष्य मुंबईंत माथाडीच्या कामावर आयुष्य घालवितो, आणि खानापूर-आटपाडीकडील गलाई बांधव सोनेंचांदी गाळण्याच्या धंद्यांत भारतभर पसरले आहेत, हें पहावें. कागद अर्धे मुंबईस, अर्धे गांवीं. शेत बायको करिते आणि सातबारा नवऱ्याच्या पेटींत. अशा घरांत तरी वही बायकोच्या हातीं असलीच पाहिजे. ती स्वतः वाचीत नसेल तर घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलीनें ती मोठ्यानें वाचून दाखवावी. दोनतीनदां ऐकिलें म्हणजे गट नंबर तोंडपाठ होतो.

मूळ कागद ठेवावयाची रीत सोपी आहे. एकांत एक अशा दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, तोंड घट्ट बांधलेलें, आणि त्यांवर जाड कापडाचा रुमाल. हा रुमाल उचलून काखेंत मारतां येईल एवढाच असावा, मोठ्या ट्रंकेच्या तळाशीं नसावा. कृष्णाकांठीं तो माळ्यावर दाराजवळ ठेवावा. जत-आटपाडीकडे पाण्याहून वाळवीचें भय अधिक. तेथें तो भिंतीस व जमिनीस न टेकतां पत्र्याच्या डब्यांत ठेवावा. पाटण-महाबळेश्वराच्या पावसाळ्यांत कागदास बुरशी धरते, म्हणून पावसाळा संपल्यावर एकदां उघडून सावलींत वारा द्यावा. मूळ कागद लॅमिनेट करूं नये; शिक्का व सही तपासतां येत नाहीं अशी हरकत पुढें निघते, आणि एकदां चिकटविलेलें सुटत नाहीं. कागद भिजलेच तर ओले असतांना एकमेकांपासून ओढून काढूं नयेत व उन्हांत टाकूं नयेत. सुती फडक्यांत दाबून सावलींत वाळवावे. वही शाईच्या पेनानें लिहूं नये, पाण्यांत शाई पसरते. पेन्सिल किंवा बॉलपेन बरा. मोबाइलमध्यें प्रत्येक कागदाचें चित्र घ्यावें, पण एकाच मोबाइलांत नव्हे. आणि सरकारच्या डिजिलॉकरांत जे दाखले ठेवतां येतात ते ठेवावे. फोनचा धनी गेला व त्याचें कुलूप कोणास उघडतां आलें नाहीं, तर आंतील चित्रें असून नसल्यासारखीं.

खेड्यांतील उपदेशकांस व बायबलबायांस एक विनंति आहे. ज्या घरांत कोणास लिहितां येत नाहीं तेथें एक संध्याकाळ बसून ही वही त्यांनीं लिहून द्यावी. लिहितांना घरांतील बाई समोर असावी, व लिहिलेली प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवावी. मूळ कागद मात्र आपल्या घरीं किंवा मंडळीच्या कपाटांत ठेवावयास घेऊं नयेत, लोक आग्रह करितील तरी घेऊं नयेत. त्यांचा विश्वास खरा असला तरी कागद त्यांच्याच घरीं शोभतो. कोणाच्या मृत्युपत्रावर साक्ष घालण्याचा प्रसंग आला, तर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यास किंवा ज्याच्या बायकोस त्यांतून कांहीं मिळावयाचें आहे त्यानें साक्षीदार होऊं नये. तसें झाल्यास त्यास दिलेला भाग मिळत नाहीं. सुगी झाल्यावर किंवा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत वही पुन्हां काढून नवे नंबर चढवावे, फिटलेल्या कर्जावर रेघ ओढून तारीख घालावी.

शेवटीं वहीच्या नकलेविषयीं. एक नक्कल घराबाहेर असावी, आणि ती त्याच नदीच्या कांठीं नसावी. भिलवडीच्या घरची नक्कल जत येथें दिलेल्या लेकीकडे ठेवावी, व तिच्या घरची भिलवडीस आणावी. सणासुदीस लेक माहेरीं आली म्हणजे दोन्ही वह्या शेजारीं मांडून जें बदललें असेल तें एकीवरून दुसरींत उतरावें. अर्ध्या तासाचें काम आहे.